रिकाम्या मज्जेत उरलेल्या लिम्फोसाइट : अप्लास्टिक ॲनिमियाचं एक प्रकरण

ती पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या हातात तीन दिवसांपूर्वीचा रक्ताचा रिपोर्ट होता. त्यातल्या एका ओळीखाली कुणीतरी पेनाने रेघ ओढली होती : लिम्फोसाइट ७४ टक्के. त्यावरून तिला सांगितलं गेलं होतं की व्हायरल असेल, आठवडाभर विश्रांती घे, मग बघू. वय २२ वर्षं. तीन आठवड्यांपासून जिना चढताना धाप लागत होती, नडगीवर न आपटताच निळे-जांभळे डाग उठत होते, ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येत होतं. पाळी सुरू होऊन अकरावा दिवस होता आणि थांबायचं चिन्ह नव्हतं. (ओळख पटू नये म्हणून तिचे वैयक्तिक तपशील इथे बदलले आहेत.)

रेघ मारलेली ओळ खोटी नव्हती, पण ती वाचायची पद्धत चुकली होती. लिम्फोसाइट हा पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार. तिच्या एकूण पांढऱ्या पेशी प्रति मायक्रोलिटर १,४०० होत्या. त्यातल्या ७४ टक्के म्हणजे १,०३६ लिम्फोसाइट, म्हणजे जवळपास सामान्य संख्या. लिम्फोसाइट वाढल्या नव्हत्या, बाकीचं सगळं आटलं होतं. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, २२ टक्के, म्हणजे ३०८, जिथे किमान दोन हजारांच्या आसपास तरी हव्यात. हिमोग्लोबिन ६.४. प्लेटलेट्स ७,०००. नव्याने तयार झालेल्या कोवळ्या तांबड्या पेशी, म्हणजे रेटिक्युलोसाइट, ०.३ टक्के, प्रत्यक्ष संख्येत सुमारे ६,०००. हिमोग्लोबिन इतकं कमी असताना निरोगी मज्जेने, म्हणजे हाडांच्या आतल्या रक्त घडवणाऱ्या ऊतीने, ही संख्या कित्येक पटींनी वाढवली असती. मी निवासी डॉक्टरांना नेहमी सांगतो की पांढऱ्या पेशींची टक्केवारी वाचण्याआधी कागदाच्या कोपऱ्यात गुणाकार करा. या प्रकरणात त्या गुणाकाराने रोगाचं नाव जवळपास सांगूनच टाकलं : अप्लास्टिक ॲनिमिया, म्हणजे मज्जेचं रक्त घडवणंच थांबत जाण्याचा आजार. तीनही जातींच्या पेशी एकदम घटल्या होत्या आणि लिम्फोसाइट तेवढ्या जागच्या जागी होत्या. आजाराची सगळी गोष्ट त्या एका ओळीत होती, हे मात्र मला पुढच्या काही दिवसांत उलगडत गेलं.

तपासताना प्लीहा हाताला लागली नाही, गाठी नव्हत्या, हाडं दाबल्यावर दुखत नव्हती. तोंडात टाळूवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके होते. काही औषधं घेतली होती का, विषारी रसायनांशी संबंध आला होता का, गेल्या काही महिन्यांत कावीळ झाली होती का, घरात कुणाला रक्ताचा किंवा फुप्फुसाचा आजार होता का, कुणाचे केस फार लवकर पांढरे झाले होते का, हे सगळं विचारलं. शेवटचे दोन प्रश्न नातेवाइकांना विचित्र वाटतात, पण टेलोमिअरचे, म्हणजे गुणसूत्रांच्या टोकांवरच्या संरक्षक टोपणांचे, आनुवंशिक आजार अशाच खुणा घेऊन येतात. सगळ्याचं उत्तर नाही असं आलं.

दुसऱ्या दिवशी बोन मॅरोची तपासणी केली. कमरेच्या हाडातून सुईने ओढलेल्या द्रवात तेलाचे थेंब तरंगत होते आणि कण जवळपास नव्हतेच. जाड पोकळ सुईने काढलेला हाडाचा तुकडा पावणेदोन सेंटिमीटर लांबीचा, म्हणजे निदानाला पुरेसा होता. सूक्ष्मदर्शकाखाली तो पाहिला तेव्हाचं चित्र मी शब्दांत मांडायचा प्रयत्न करतो. हाडाच्या गुलाबी पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये एकाला एक लागून पांढरी रिकामी वर्तुळं. ही वर्तुळं म्हणजे चरबीच्या पेशी. काच तयार करताना चरबी विरघळून जाते आणि तिची जागा तेवढी दिसते. बाविसाव्या वर्षी मज्जेचा साधारण पाऊण भाग रक्त घडवणाऱ्या पेशींनी गजबजलेला असतो. इथे तो जेमतेम ५ टक्के होता. प्लेटलेट्स घडवणाऱ्या मेगाकॅरिओसाइट या एरवी लांबूनही ओळखू येणाऱ्या अवाढव्य पेशी. सगळा तुकडा पालथा घातला तरी एकही सापडली नाही. सगळ्या रक्तपेशी ज्यांच्यातून घडतात त्या मूळपेशींच्या सीडी३४ या खुणेसाठी डाग दिला, एकही पेशी रंगली नाही. जाळीदार तंतू वाढलेले नव्हते, कर्करोगाच्या पेशी नव्हत्या.

चरबीच्या दोन वर्तुळांमधल्या चिंचोळ्या फटीत मात्र काही छोट्या, गोल, गर्द निळ्या पेशी होत्या. लिम्फोसाइट. सोबत थोड्या प्लाझ्मा पेशी आणि मॅक्रोफेज. त्या लिम्फोसाइटवर सीडी३ चा, म्हणजे टी पेशी या लिम्फोसाइटच्या जातीच्या खुणेचा, डाग दिला तर बहुतेक रंगल्या, सीडी८ चा, म्हणजे इतर पेशींना मारणाऱ्या टी पेशींच्या खुणेचा, दिला तरी बऱ्याच रंगल्या. रिपोर्टमध्ये अशा पेशींचा उल्लेख बहुधा एका वाक्यात उरकला जातो : अवशिष्ट लिम्फोसाइट दिसतात. सगळं गेलं आणि एवढंच उरलं, असा त्याचा अर्थ घेतला जातो. उरलेल्यांना गाळ समजायची ही सवय मला खटकते, कारण इथे संशय आधी उरलेल्यांवरच घ्यायला हवा.

मज्जा आणि रोगप्रतिकार पेशी एरवी कशा नांदतात

निरोगी माणसाची मज्जा रोज सुमारे २० हजार कोटी तांबड्या पेशी घडवते. प्लेटलेट्सचा आणि न्यूट्रोफिलचा रोजचा आकडाही हजारो कोटींत जातो. एवढं मोठं काम मागणीनुसार कमी-जास्त करायचं तर बाहेरची खबर आत पोचायला हवी, आणि ती पोचवणाऱ्यांत रोगप्रतिकार पेशी आघाडीवर असतात. शाळेपासून आपल्याला या पेशी शरीराचं सैन्य म्हणून शिकवतात. त्या उपमेने मोठं नुकसान केलं आहे असं माझं मत आहे, कारण तिच्यात या पेशींच्या दुसऱ्या कामाला, म्हणजे रक्त घडवण्याच्या देखरेखीला, जागाच उरत नाही.

मॅक्रोफेजचंच बघा. मार्सेल बेसी या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९५८ मध्ये मज्जेतली एक रचना दाखवून दिली : मधोमध एक मॅक्रोफेज आणि त्याला बिलगून वाढणाऱ्या कोवळ्या तांबड्या पेशींचं कडं. तांबडी पेशी पक्व होताना स्वतःचं केंद्रक बाहेर टाकते आणि हा मधला मॅक्रोफेज ते गिळून टाकतो. जंतू खाणारी पेशी म्हणून आपण जिला ओळखतो, ती इथे दाईचं काम करते. मज्जेतलेच काही मॅक्रोफेज मूळपेशींना त्यांच्या जागी धरून ठेवायलाही मदत करतात. उंदरांमधून ते काढून टाकले की मूळपेशी जागा सोडून रक्तात उतरतात.

न्यूट्रोफिलचा हिशेब याहून सुरेख आहे. रक्तातून ऊतींमध्ये गेलेले न्यूट्रोफिल तिथे मरतात आणि मॅक्रोफेज त्यांना खातात. पोट भरलेला मॅक्रोफेज इंटरल्युकिन-२३ हे पेशींमध्ये निरोप नेणारं रसायन कमी सोडतो. ते कमी झालं की टी पेशी इंटरल्युकिन-१७ कमी करतात, त्याने जी-सीएसएफ हे न्यूट्रोफिल वाढवणारं रसायन उतरतं आणि मज्जा नवे न्यूट्रोफिल घडवायचा वेग कमी करते. मेलेल्यांची संख्या मोजून नव्यांची मागणी ठरते, असा हा फेरा आहे. ज्या बाळांचे न्यूट्रोफिल जन्मजात दोषामुळे रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटूच शकत नाहीत, त्यांच्यात पेशी ऊतींपर्यंत पोचत नाहीत, ‘पुरे झालं’ हा निरोप जात नाही, आणि रक्तातले न्यूट्रोफिल वाढतच राहतात.

टी पेशींचे तर दोन्ही हात चालतात. उत्तेजित टी पेशी इंटरल्युकिन-३ आणि जीएम-सीएसएफ ही निरोपाची रसायनं तयार करतात आणि दोन्ही रक्तनिर्मितीला चालना देतात. इओसिनोफिल हा पांढऱ्या पेशींचा आणखी एक प्रकार वाढवणारं इंटरल्युकिन-५ हेही मुख्यतः त्यांचंच. त्यांच्यातल्या नियामक टी पेशी, ज्यांना आम्ही बोलताना ट्रेग म्हणतो, मूळपेशींच्या आसपास ठाण मांडून त्यांना हल्ल्यापासून जपतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या एका प्रयोगात परक्या उंदराच्या मूळपेशी प्रतिकारशक्ती न दाबताही महिनाभर मज्जेत टिकल्या, आणि ट्रेग काढून टाकल्यावर नाहीशा झाल्या. मज्जेतला तो कोपरा सुरक्षित असतो तो अशा पहाऱ्यामुळे.

इंटरफेरॉन गॅमा हे टी पेशींचं आणखी एक रसायन. संसर्गात ते थोड्या काळासाठी वाढतं आणि झोपलेल्या मूळपेशींना उठवून विभाजनाला लावतं. तेव्हा ते उपयोगी असतं. पण तोच इशारा आठवडेच्या आठवडे थांबला नाही तर मूळपेशी दमतात, स्वतःचा साठा भरून काढू शकत नाहीत आणि त्यांच्या पृष्ठभागावर फॅस नावाचा ग्राहक, म्हणजे बाहेरचा निरोप झेलणारं प्रथिन, उगवतो. फॅस म्हणजे पेशीच्या दारावरची मरणाची घंटा. टी पेशीने ती दाबली की मूळपेशी आतून स्वतःला मोडून टाकते.

माझ्या रुग्णाच्या मज्जेत हेच घडत होतं असं मानायला काय आधार होता?

संशयाकडून निदानाकडे

आधी इतर शक्यता बाजूला केल्या. बी-१२ आणि फोलेट ठीक होतं. एचआयव्ही आणि हिपॅटायटिसच्या चाचण्या नकारात्मक. फॅन्कोनी ॲनिमिया या जन्मजात आजारासाठी करतात ती गुणसूत्रं तुटण्याची चाचणी सामान्य, टेलोमिअरची लांबी वयाला साजेशी. या दोन चाचण्यांना मी फार महत्त्व देतो. दोष जन्मजात असेल तर मूळपेशीच मुळात कच्च्या असतात, तिथे टी पेशींना दाबून काही हाती लागत नाही, आणि प्रत्यारोपणासाठी भावंडाची मज्जा घेताना तोच दोष भावंडात नाही ना, हेही बघावं लागतं.

मग आला फ्लो सायटोमेट्रीचा, म्हणजे एकेका पेशीवरच्या खुणा मोजणाऱ्या चाचणीचा, रिपोर्ट. तिच्या २.८ टक्के न्यूट्रोफिलवर जीपीआय नावाचा नांगर नव्हता. पेशीच्या पृष्ठभागावरची कित्येक प्रथिनं या नांगराला बांधलेली असतात. एक्स गुणसूत्रावरच्या पिग-ए या जनुकात बिघाड झाला की तो तयारच होत नाही. अशा पेशी खूप वाढल्या तर पीएनएच नावाचा, तांबड्या पेशी फुटण्याचा वेगळा आजार होतो. पण अप्लास्टिक ॲनिमियाच्या जवळपास निम्म्या रुग्णांत त्यांचा छोटा गट सापडतो. तो तिथे का असतो, यातच खरी खूण आहे. नांगर नसलेल्या मूळपेशी टी पेशींच्या तावडीतून काही प्रमाणात सुटतात असं दिसतं. कशा सुटतात याबद्दल संशोधकांत मतभेद आहेत. काही रुग्णांत तर मूळपेशी सहाव्या गुणसूत्राचा तुकडा बदलून एचएलए या पेशीवरच्या ओळखीच्या प्रथिनाचा एक प्रकारच गमावून बसतात. टी पेशी शत्रू ओळखते ती एचएलएच्या ताटात वाढून ठेवलेल्या प्रथिनाच्या तुकड्यावरून. ताटच नाही तर ओळखणार कशी? म्हणून त्या मूळपेशी तगतात आणि उरलेलं रक्त त्याच घडवतात. हल्ला टी पेशींचा आहे याचा याहून बोलका पुरावा मला माहीत नाही. हल्ल्याचं नेमकं लक्ष्य कोणतं प्रथिन आहे, हे मात्र अजून ठरलेलं नाही.

या विचाराला इतिहासही आहे. पाउल एर्लिखने १८८८ मध्ये एका गरोदर तरुणीच्या मृत्यूनंतर तिची मज्जा पिवळी, चरबीने भरलेली असल्याचं नोंदवलं. त्यानंतर कित्येक दशकं हा आजार म्हणजे मज्जा आपोआप झडणं असंच समजलं गेलं. मग १९७० मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज माते यांनी एक अनपेक्षित गोष्ट प्रसिद्ध केली. त्यांनी प्रत्यारोपणाआधी रुग्णांना लिम्फोसाइट मारणारं ग्लोब्युलिन, म्हणजे प्राण्याच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं, दिलं होतं. दात्याची मज्जा रुजली नाही, पण रुग्णाची स्वतःचीच मज्जा परत काम करू लागली. जी मेली असं समजलं जात होतं ती दबलेली होती, आणि दाबणारे हटल्यावर उठली. एकसारख्या जुळ्यांमधल्या प्रत्यारोपणानेही तेच दाखवलं. जुळ्या भावंडाची मज्जा जनुकांनी तंतोतंत सारखी असते, तरी नुसती ओतून ती अनेकदा रुजत नसे. आधी प्रतिकारशक्ती दाबली तर रुजत असे. नुसतं बीज कमी असतं तर जुळ्याचं बीज पुरलं असतं.

निदान लिहिलं : तीव्र अप्लास्टिक ॲनिमिया. मज्जेतल्या पेशी २५ टक्क्यांच्या खाली, न्यूट्रोफिल ५०० च्या खाली, प्लेटलेट्स २० हजारांच्या खाली. न्यूट्रोफिल २०० च्या खाली गेले असते तर अतितीव्र म्हटलं असतं.

भावाने हात पुढे केला तेव्हा

निदान सांगताना तिच्या आईने विचारलं, “मज्जा सुकली असं म्हणतात ते हेच का? मग लोहाची गोळी, टॉनिक काही?” मी त्यांना म्हटलं, “आई, सुकली हा शब्दच मनातून काढा. कारखान्यातली माणसं आतल्याच लोकांनी कोंडून ठेवली आहेत. बाहेरून कच्चा माल पाठवून काय होणार?” लोहाची तर उलट भीती होती. वारंवार रक्त चढवल्याने ते शरीरात साठत जातं.

भाऊ इतका वेळ गप्प होता. त्याने शर्टाची बाही वर केली. “डॉक्टर, आमचा रक्तगट एकच आहे. माझंच घ्या. बाहेरचं कशाला?” त्याला नाही म्हणणं मला जड गेलं. पण रक्ताच्या नात्यातल्या माणसाचं रक्त चढवलं तर रुग्णाची प्रतिकारयंत्रणा त्याच्या पेशींची ओळख करून घेते, आणि उद्या त्याच्याच मज्जेची गरज पडली तर ती मज्जा झिडकारली जाण्याचा धोका वाढतो. तिला द्यायची प्रत्येक पिशवी पांढऱ्या पेशी गाळलेली आणि किरणोत्सर्ग दिलेली हवी हेही ठरवलं. दात्याच्या रक्तात जिवंत टी पेशी राहिल्या तर त्या रुग्णाच्या मज्जेवर आणि त्वचेवर हल्ला करू शकतात. तो प्रकार जवळपास नेहमीच जीवघेणा ठरतो. किरणांनी त्या टी पेशींची विभाजनाची ताकद संपते, तांबड्या पेशी आणि प्लेटलेट्स मात्र कामाच्या राहतात. त्या दिवशी भावाने फक्त एचएलए चाचणीसाठी रक्त दिलं.

तरुण रुग्णाला एचएलए जुळणारं सख्खं भावंड असेल तर प्रत्यारोपण हाच पहिला पर्याय. जुळण्याची शक्यता प्रत्येक भावंडामागे चारांत एक. भावाचं एचएलए जुळलं नाही. रिपोर्ट सांगितल्यावर तो बराच वेळ जिन्यात बसून होता.

मग दुसरा रस्ता घेतला : टी पेशी मारणारं घोड्याचं अँटी-थायमोसाइट ग्लोब्युलिन, टी पेशींना दाबून ठेवणारं सायक्लोस्पोरिन आणि एल्ट्रोम्बोपॅग. ग्लोब्युलिनमध्ये घोड्याचं की सशाचं हा प्रश्न २०११ मध्ये एका तुलनात्मक चाचणीने निकालात काढला. सहा महिन्यांनी घोड्याच्या ग्लोब्युलिनला ६८ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला, सशाच्या ग्लोब्युलिनला ३७ टक्के. सशाचं लिम्फोसाइटना जास्त काळ खाली ठेवतं, म्हणजे ते अधिक चांगलं असावं, असा सर्वांचा कयास होता. तो चुकला. सशाच्या ग्लोब्युलिनने ट्रेगसकट मदतनीस टी पेशीही फार काळ खाली राहतात. सरसकट पुसून टाकण्यापेक्षा कुणाला ठेवायचं हे महत्त्वाचं असावं, असं मला या निकालावरून वाटतं.

एल्ट्रोम्बोपॅगची गोष्ट मला विशेष आवडते. हे औषध थ्रॉम्बोपोएटिन या, प्लेटलेट्स वाढवणाऱ्या आणि मूळपेशींना जगवणाऱ्या संप्रेरकाच्या ग्राहकाला चालू करतं. पण अप्लास्टिक ॲनिमियाच्या रुग्णांत हे संप्रेरक आधीच भरपूर असतं, मग वरून तसलंच औषध देऊन काय साधणार? उत्तर पुन्हा टी पेशींपाशी येतं. इंटरफेरॉन गॅमा थ्रॉम्बोपोएटिनला स्वतः चिकटतं आणि ग्राहकाशी त्याची नीट गाठ पडू देत नाही. मूळपेशीला रोज जगण्याचा निरोप हवा असतो आणि तो वाटेतच अडवला जातो. एल्ट्रोम्बोपॅग ग्राहकाच्या वेगळ्या भागाला, पेशीच्या आवरणात रुतलेल्या तुकड्याला धरतं. तिथे इंटरफेरॉन पोचत नाही.

पुढचे महिने

ग्लोब्युलिन चार दिवस दिलं, रोज किलोमागे ४० मिलिग्रॅम, स्टेरॉइडच्या आडोशाने. पहिल्या रात्री हुडहुडी भरली आणि ताप चढला. चौथ्या दिवशी लिम्फोसाइट १,०३६ वरून ४० वर आल्या होत्या. सहाव्या दिवशी पुन्हा ताप आला. न्यूट्रोफिल नसलेल्या माणसाच्या तापाला वाट बघायची सोय नसते, म्हणून तासाभरात अँटिबायोटिक सुरू झालं. कल्चरमध्ये काही उगवलं नाही, पाच दिवसांत ताप उतरला. अकराव्या दिवशी घोटे आणि मनगटं दुखू लागली आणि पावलांच्या कडेने, जिथे तळव्याची जाड त्वचा संपते, तिथे जांभळट लाल रेघ उमटली. याला सीरम सिकनेस म्हणतात. घोड्याच्या प्रथिनाविरुद्ध तिच्या बी पेशींनी प्रतिपिंडं केली होती. स्टेरॉइड वाढवल्यावर आठवड्यात तो त्रास शमला.

मग वाट बघणं. रुग्णासाठी हा काळ सगळ्यात वाईट, कारण औषध दिलेलं असतं, त्रास भोगून झालेला असतो आणि आकडे हलत नाहीत. दर चार-पाच दिवसांनी प्लेटलेट्स चढवायच्या, दर दोन आठवड्यांनी रक्त. ती एक वही ठेवत असे. डावीकडे तारीख, उजवीकडे प्लेटलेट्स : ९, ६, ११, ७. हजार हा शब्द तिने लिहायचा सोडून दिला होता. मी तिला रोज एकच सांगायचो, “मूळपेशी मूठभर उरल्या असतील तर त्यांनी आधी स्वतःची संख्या वाढवायची, मगच रक्त करायचं. तीन महिने दे त्यांना.”

सातव्या आठवड्यात रेटिक्युलोसाइट ०.३ वरून १.१ टक्क्यावर आले. आठव्या आठवड्यानंतर प्लेटलेट्स चढवाव्या लागल्या नाहीत, अकराव्यानंतर रक्त नाही. तिसऱ्या महिन्यात हिमोग्लोबिन ८.९, न्यूट्रोफिल ८२०, प्लेटलेट्स ३४ हजार. सहाव्या महिन्यात १०.८, १,४६० आणि ८१ हजार. ठरल्याप्रमाणे एल्ट्रोम्बोपॅग बंद केलं. सायक्लोस्पोरिन चालू ठेवलं. पुढचे दहा आठवडे आकडे तसेच राहिले.

नवव्या महिन्यात ते घसरले. प्लेटलेट्स ७९ हजार, मग ४६, मग २३. हिमोग्लोबिन ९.१, न्यूट्रोफिल ७४०. अशा वेळी पहिली भीती वाटते ती गुणसूत्रांतल्या बदलाची, विशेषतः सातवं गुणसूत्र गमावण्याची, कारण त्यातून रक्ताच्या कर्करोगाकडे वाट जाते. मज्जा पुन्हा तपासली. पेशी २० टक्के, गुणसूत्रांसाठी तपासलेल्या वीसही पेशी सामान्य, विचित्र आकाराच्या पेशी नाहीत. मग सायक्लोस्पोरिनची रक्तपातळी बघितली : आधी २१८ असायची, आता ६१. तिने गोळ्या निम्म्या केल्या होत्या. हिरड्या सुजून दातांवर आल्या होत्या, हात थरथरत होते, गालावर आणि कपाळावर लव वाढली होती. “तुम्ही दर वेळी आकडे चांगले आहेत म्हणायचात, मग मला वाटलं आता चालेल,” ती म्हणाली. दोष तिचा नव्हता. सहा महिने आम्ही मूत्रपिंडासाठी तिचं क्रिएटिनिन बघत होतो, आरशात तिला काय दिसतं हे एकदाही विचारलं नव्हतं.

पण या घसरणीने एक गोष्ट अशी स्पष्ट केली जी कुठल्याही चाचणीने केली नसती. सायक्लोस्पोरिन मूळपेशींवर काही करत नाही. ते टी पेशीतलं कॅल्सिन्युरिन अडवतं, त्यामुळे टी पेशीला इंटरल्युकिन-२ बनवता येत नाही आणि तिची वाढ खुंटते. एल्ट्रोम्बोपॅग बंद होऊन दहा आठवडे उलटले तरी मज्जा स्थिर होती. टी पेशींवरचा दाब निम्मा झाला आणि ती खचली. आम्ही एल्ट्रोम्बोपॅग परत सुरू न करता फक्त सायक्लोस्पोरिनची पातळी पूर्ववत केली. पाचव्या आठवड्यात प्लेटलेट्स चढू लागल्या, चौथ्या महिन्यात १ लाख १२ हजारांवर गेल्या. एका रुग्णावरून नियम काढता येत नाही हे खरं, पण औषध काढलं तर पडतं आणि तेवढंच दिलं तर उठतं, असं एकाच शरीरात दिसलं की कारणाबद्दल फार शंका उरत नाही. ग्लोब्युलिनने टी पेशींचा तो गट संपवला नव्हता, पांगवला होता. ग्लोब्युलिनला प्रतिसाद दिलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश रुग्णांत आजार पुढे कधीतरी उलटतो, त्यामागे हेच असावं.

या वेळी दंतवैद्यांना सोबत घेतलं, तिला चालेल अशा वेळा ठरवल्या आणि डोस कमी करायची घाई करायची नाही हे दोघांनी मिळून ठरवलं. दोन वर्षं पूर्ण झाल्यावर कमी करायला सुरुवात केली, महिन्याला २५ मिलिग्रॅम, प्रत्येक पायरीवर रक्त तपासून.

आज एकतिसावा महिना आहे. हिमोग्लोबिन १२.१, न्यूट्रोफिल १,९००, प्लेटलेट्स १ लाख ३४ हजार. नांगर नसलेल्या न्यूट्रोफिलचं प्रमाण २.८ वरून ४.१, मग ६.३ आणि गेल्या वेळी ५.९ टक्के. पेशी फुटण्याची खूण नाही, एलडीएच सामान्य आहे, तरी दर सहा महिन्यांनी ही मोजणी आणि वर्षातून एकदा गुणसूत्रांची तपासणी चालू राहील. गेल्या महिन्यात वार्षिक तपासणीचा हाडाचा तुकडा मी पहिल्या तुकड्याशेजारी ठेवून बघितला. पेशी आता ४० टक्के आहेत. एका कोपऱ्यात तीन मेगाकॅरिओसाइट जवळजवळ बसलेल्या दिसल्या. शेजारी कोवळ्या तांबड्या पेशींचा एक दाट पुंजका आणि त्याच्या मधोमध फिकट, पसरट मॅक्रोफेज. आणि चरबीच्या फटींमध्ये त्या छोट्या निळ्या लिम्फोसाइट अजूनही आहेत. सीडी८ चा डाग पुन्हा मागवला आहे.